लग्नपत्रिका इन्स्टॉल कशाला करायची?

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. नवी पेठेत माझं मोबाईल-कॉम्प्युटर रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, आणि सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी दोन-अडीचला रस्त्यावर कुत्रं पण फिरकत नाही, अशा वेळी आमच्या ओळखीचे टॉवेलवाले काका घामाघूम होऊन आत आले, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणले, "का बे, लग्नाची पत्रिका उघडली तर पैसे जातात व्हय?"

मी आधी हसलो, मग फोन बघितला आणि हसू गेलं. व्हॉट्सॲपवर त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या नंबरवरून एक फाइल आली होती, नाव "शुभविवाह आमंत्रण", पुढं गणपतीचा इमोजी, आणि खाली बारीक करड्या अक्षरात साइज आणि त्याच्या बाजूला एकच शब्द, एपीके. काकांनी सकाळी ती दाबली, फोननं काहीतरी विचारलं, काका हो म्हणले, परत विचारलं, परत हो, पत्रिका काही दिसली नाही म्हणून नेट स्लो असेल असं समजून ते अक्कलकोट रोडला कारखान्यावर निघून गेले. अकरापर्यंत तीन वेळा मिळून ८४ हजार खात्यातून गेले होते. काकांचं एकच चाललं होतं, मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही की, कुणाचा फोनच आला नाही की!

खरं होतं त्यांचं. ओटीपी सांगायची गरजच पडली नाही, कारण जी "पत्रिका" त्यांनी उघडली ती पत्रिका नव्हती, एक ॲप होतं, आणि त्या ॲपनं पहिल्या मिनिटाला मेसेज वाचायची परवानगी मागून घेतली होती. काका हो म्हणले. आता बँकेचा मेसेज काकांच्या फोनवर यायचा आणि त्याच क्षणी त्याची कॉपी तिकडं कुठंतरी बसलेल्या माणसाला जायची. आणि पुतण्या? त्यालाही असंच कुणीतरी पाठवलेलं, त्याचं व्हॉट्सॲप चोरांच्या हातात गेलं आणि त्याच्याच नावानं सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पत्रिका गेली. म्हणून "ओळखीच्या नंबरवरून आलंय म्हणजे चांगलंच असणार" हे डोक्यातून काढून टाका. उलट आता ओळखीच्या नंबरवरूनच जास्त येतं.

सगळ्या सोलापूरला आमंत्रण असतं असं लग्न एकच, आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचं, जानेवारीत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात ते, आणि त्याला कुणी पत्रिका पाठवत नाही, एपीके तर लांबच.

बरं, आता मुद्दा. या विषयावर जे व्हिडिओ बघाल त्यात "अनोळखी लिंकवर क्लिक करू नका" एवढंच घोकलेलं असतं आणि त्याचा काही उपयोग नाही, कारण दिवसभर आपण अनोळखी लिंकांवरच क्लिक करत असतो. मी गिऱ्हाइकांना वेगळ्या पद्धतीनं सांगतो. जगात फाइली दोन जातीच्या, एक बघायच्या आणि एक चालवायच्या. फोटो, व्हिडिओ, गाणं, पीडीएफ ह्या बघायच्या किंवा ऐकायच्या, त्या फोनमध्ये पडून असतात, तुम्ही उघडल्या की दिसतात, बंद केल्या की गप्प बसतात. चालवायची फाइल म्हणजे प्रोग्राम, ती उघडली की ती स्वतः काम करायला लागते, आणि काय काम करायचं ते ती बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, तुम्ही नाही. अँड्रॉइडवर अशा फाइलचं नाव एपीके, विंडोजवर ईएक्सई, एमएसआय, बॅट, व्हीबीएस, जेएस वगैरे. मग साधा प्रश्न विचारायचा: जी गोष्ट मी मागितली होती ती बघायची होती का चालवायची? लग्नपत्रिका बघायची असते. लाइट बिल बघायचं असतं. ट्रॅफिकचा दंड, युनिव्हर्सिटीचा निकाल, सरकारी योजनेची यादी, सगळं बघायचं. बघायच्या वस्तूनं "मला इन्स्टॉल करा" म्हणलं की तिथंच थांबायचं, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

फाइलची जात ओळखायची कशावरून, तर तिच्या आडनावावरून. नावात शेवटच्या टिंबानंतर जे असतं ते आडनाव, एक्स्टेंशन म्हणतात त्याला. पुढं काय पण लिहिलेलं असू दे, "आमंत्रण डॉट पीडीएफ डॉट एपीके" असं नाव असेल तर ती एपीकेच, मधलं पीडीएफ नुसतं दाखवायला. आयकॉनवर तर अजिबात विश्वास नको, प्रोग्रामला पीडीएफचं लाल चित्र चिकटवायला दोन मिनिटं लागतात. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, तसलं प्रकरण.

आता गंमत अशी की विंडोज हे आडनाव मुळातच लपवून ठेवतं. ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेंशन दाखवायची नाहीत असं सेटिंग नवीन कॉम्प्युटरवर आधीपासून चालू असतं, त्यामुळं "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाइल तुम्हाला "बिल डॉट पीडीएफ" अशीच दिसते आणि माणूस निवांत डबल क्लिक करतो. हे आजचं नाही, मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला तो आय लव्ह यू व्हायरस आठवत असेल जुन्या लोकांना, तो ईमेलवर प्रेमपत्र म्हणून यायचा, बघणाऱ्याला वाटायचं साधी टेक्स्ट फाइल आहे, मागं लपलेलं व्हीबीएस दिसायचंच नाही. जगभर लाखो कॉम्प्युटर त्यानं धरले. पंचवीस वर्षं झाली, युक्ती तीच, फक्त प्रेमपत्राची लग्नपत्रिका झाली.

म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं काम करा, विंडोज ११ असेल तर कुठलंही फोल्डर उघडून वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाइल नेम एक्स्टेंशन्स वर टिक करा. विंडोज १० ला व्ह्यूमध्येच टिकमार्क आहे. फुकट आहे, दहा सेकंदाचं काम आहे, आणि माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ लॅपटॉपवर ते केलेलं नसतं (हा सरकारी आकडा नाही, माझा अंदाज).

अजून एक चाल आहे जी बघितल्यावर मला पण घाम फुटला होता. उर्दू, अरबी उजवीकडून डावीकडं लिहितात, आपल्याकडं उर्दू वाचणारे भरपूर आहेत त्यांना सांगायला नको. तर कॉम्प्युटरला "इथून पुढं उलटं दाखव" असं सांगणारं एक न दिसणारं अक्षर असतं. चोर ते अक्षर फाइलच्या नावात घुसवतात, मग खरं शेवटचं ईएक्सई मधे दिसतं आणि पीडीएफ शेवटी दिसतं, आडनाव चालू ठेवलेलं असलं तरी फसायला होतं. याला उपाय म्हणजे फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लावायचा आणि टाइपचा कॉलम बघायचा, तिथं "ॲप्लिकेशन" लिहिलेलं असेल तर नावात काय पण दिसू दे, ती चालवायची फाइल आहे.

फोनवर त्या मानानं सोपं आहे कारण अँड्रॉइड मधे एक दरवाजा ठेवतं. २०१७ ला अँड्रॉइड ८ आलं तेव्हापासून प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप टाकायचं असेल तर कुठल्या ॲपमधून टाकताय त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. म्हणजे व्हॉट्सॲपवरून आलेलं एपीके दाबलं की फोन म्हणतो, या सोर्सवरून अनोळखी ॲप टाकायची परवानगी नाही, सेटिंगमध्ये जा. हाच तो दरवाजा. काकांनी तो स्वतःच्या हातानं उघडला, कारण पत्रिकेच्या खाली पुतण्याच्या नंबरवरून मेसेजच होता की "सेटिंगमध्ये जाऊन अलाउ करा म्हणजे पत्रिका ओपन होईल". आतापर्यंत माझ्याकडं आलेल्या सगळ्या केसमध्ये हे एक समान आहे, चोरानं कुलूप तोडलेलं नाही, माणसाकडून किल्ली मागून घेतलीय. सेटिंगमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा, तिथं व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांच्या पुढं नाही असलं पाहिजे. प्ले प्रोटेक्ट (फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय) बंद करायला कुणी सांगत असेल तर तो तुमचा शत्रू समजा.

परवानग्यांचं पण तसंच. मेसेज वाचणे, नोटिफिकेशन वाचणे, आणि तिसरी सगळ्यात वाईट, ॲक्सेसिबिलिटी. ही सोय मुळात अंध लोकांसाठी आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवायला, त्यामुळं ती मिळाली की ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणं पण दाबता येतात. लग्नपत्रिकेला ती कशाला पाहिजे? आयफोनवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, एपीके तुमच्याकडं चालत नाही हे खरं, पण खोट्या साइटवर कार्ड नंबर भरायला आयफोन असला तरी कुणी अडवत नाही.

आता कॉम्प्युटरचं, आणि इथं मला स्वतःबद्दल पण सांगावं लागेल, कारण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. सोलापुरात फ्लेक्सवाले, पत्रिका छापणारे, युनिफॉर्मचे लोगो करणारे, चादरीचं डिझाइन कॉम्प्युटरवर काढणारे, यातल्या बऱ्याच जणांचं काम क्रॅक, म्हणजे पैसे न भरता लायसन्सचं कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि दुकान नवीन होतं तेव्हा मी पण ते टाकून दिलेलं आहे. फुकट ते पौष्टिक. क्रॅक टाकायची रीत सगळ्यांना पाठ आहे: झिप फाइल डाउनलोड करायची, पासवर्ड १२३४, आत एक रीड मी, त्यात पहिली ओळ "अँटिव्हायरस बंद करा, तो चुकीचा अलार्म देतो". आता शांतपणे विचार करा, घरात शिरणारा माणूस म्हणतोय आधी कुत्रं बांधून ठेवा आणि आपण बांधतोय. पासवर्ड पण उगाच नसतो, पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत ईमेलचा किंवा ब्राउझरचा स्कॅनर बघू शकत नाही, म्हणून लावलेला असतो. जो पासवर्ड फाइलच्या शेजारीच लिहिलाय तो तुमच्यापासून काही लपवायला नाही, स्कॅनरपासून लपवायला आहे.

एका फ्लेक्सवाल्या मित्राचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. वाढदिवस, निवडणूक, गणपती मंडळ, सहा वर्षांची डिझाइन, सगळ्या फाइलींची आडनावं रातोरात बदलली, पुढं चार अक्षरांचं काहीतरी विचित्र लागलं आणि एकही उघडेना, प्रत्येक फोल्डरमध्ये एक रीड मी, की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केला तर ४९० मध्ये देऊ. सवलत बघा, दिवाळी सेल असल्यासारखी. स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात या रॅन्समवेअरला, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, आणि तो मुख्यतः क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधूनच पसरला. त्याच्या फाइली कुलूपबंद झाल्या होत्या, एन्क्रिप्ट, आणि किल्ली चोराकडं. बॅकअप होता बे त्याच्याकडं, खरंच होता, वेगळी हार्डडिस्क घेतली होती, पण ती कायम कॉम्प्युटरला जोडलेली असायची त्यामुळं ती पण सोबत गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, बॅकअप झाला की वायर काढून डिस्क कपाटात. आणि अशी वेळ आलीच तर पैसे द्यायच्या आधी नो मोअर रॅन्सम ही साइट बघा, २०१६ मध्ये युरोपोल (युरोपची पोलीस संस्था), डच पोलीस आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून सुरू केलेली, काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. मित्राच्या नशिबात नव्हती.

रॅन्समवेअर निदान आरडाओरडा तरी करतं. त्याच्याहून जास्त येणारा प्रकार गपचूप असतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे साइटला सांगणारी चिठ्ठी) उचलतो आणि काही मिनिटांत काम संपवून मोकळा. कुकी गेली की पासवर्ड आणि ओटीपी न टाकता तुमचं अकाउंट दुसरीकडं उघडतं, आणि तुम्हाला कॉम्प्युटर थोडासुद्धा स्लो झालेला जाणवत नाही.

क्रॅकशिवाय भागत नाही म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आता तयार आहे, डिझाइनला इंकस्केप, फोटोला गिंप, ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस ही फुकट आणि कायदेशीर आहेत. सगळं जमत नाही त्यात हे मान्य, पण फॉन्टचं तरी कारण सांगू नका, मुक्ता, बलू, नोटो असे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोकळे पडलेत. फॉन्टवरून आठवलं, "मराठी फॉन्ट फ्री डाउनलोड" असं शोधून बघा, काही साइटवर पाच-पाच हिरवी डाउनलोड बटणं असतात, त्यातली चार जाहिराती. खरं बटण बहुतेक सगळ्यात लहान आणि कुरूप असतं. बटणावर माउस नुसता नेऊन ठेवा, दाबू नका, खाली कोपऱ्यात पत्ता दिसतो, तो त्याच साइटचा आहे का बघा. आणि शेवटी काय उतरलं ते बघा, फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ, फार तर झिप. फॉन्ट मागितला आणि ईएक्सई आली तर डिलीट. गूगलवर सगळ्यात वर "स्पॉन्सर्ड" लिहिलेला रिझल्ट म्हणजे खरी साइट असंही नाही, तिथं पैसे भरून कुणीही वर येतं, नामांकित सॉफ्टवेअरच्या नावानं खोट्या जाहिराती लावून पसरवलेले व्हायरस खूप सापडलेत.

आणि ते "तुमच्या फोनमध्ये ३ व्हायरस सापडले" वालं पान. वेबसाइटला तुमच्या फोनच्या आतलं स्कॅन करताच येत नाही. टॅब बंद करा, विषय संपला.

एक नवीन प्रकार मात्र नीट समजून घ्या कारण यात डाउनलोड झालेलंच कळत नाही. साइटवर "मी रोबोट नाही" असा चौकोन येतो, टिक केलं की म्हणतं, खात्रीसाठी कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. काय होतं माहितीय का, टिक करताना त्या पानानं तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथं राहतं तिथं) गुपचूप एक कमांड ठेवलेली असते, विंडोज-आर नं रनचा डबा (कमांड टाकून चालवायची खिडकी) उघडतो, कंट्रोल व्ही नं ती कमांड त्यात पडते, आणि एंटर तुम्ही स्वतः मारता. क्लिकफिक्स म्हणतात याला, २०२४ पासून फार बोकाळलाय. कुठलाही खरा कॅप्चा, म्हणजे तो रोबोटवाला चौकोन, तुम्हाला रनच्या डब्यात काही पेस्ट करायला सांगत नाही. कधीच.

धंदेवाल्यांसाठी एक, युनिफॉर्मची ऑर्डर किंवा रेटलिस्ट म्हणून एक्सेल येते आणि वर पिवळी पट्टी, "एनेबल कंटेंट". ते दाबलं की आतला मॅक्रो, फाइलीत घातलेला छोटा प्रोग्राम, चालू होतो, म्हणजे बघायची फाइल चालवायची होऊन बसते. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, पण जुनं ऑफिस वापरणाऱ्यांना त्याचा काय उपयोग.

आता माझ्याच नियमाला एक भोक आहे ते पण सांगतो, नाहीतर कुणीतरी हुशार मला पकडेल. बघायची फाइल शंभर टक्के सुरक्षित असं नसतं, कारण ती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्येच चूक असू शकते. २०२३ मध्ये विनरारमध्ये, म्हणजे झिप फाइली उघडायच्या प्रोग्राममध्ये, अशी चूक सापडली, झिपच्या आतला साधा फोटो उघडायला डबल क्लिक केलं की फोटोच्या ऐवजी भलतंच काहीतरी चालायचं. ६.२३ आवृत्तीत दुरुस्त केलं, पण तो प्रोग्राम आपोआप अपडेट होत नाही, त्यामुळं अजून कितीतरी दुकानांत जुनंच बसलंय. म्हणून अपडेट आला की "नंतर" दाबू नका.

शंका आली तर व्हायरसटोटल नावाची साइट आहे, गूगलच्या मालकीची, फाइल तिथं टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस ती तपासून सांगतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सगळं हिरवं आलं म्हणजे चांगलंच असं नाही, आजच बनवलेला व्हायरस कुणालाच माहीत नसतो. आणि आधारकार्ड, बँक स्टेटमेंट असलं काही तिथं टाकू नका, टाकलेल्या फाइली तिथल्या इतर सभासदांना मिळू शकतात.

आणि झालंच तर? काकांनी सगळ्यात मोठी चूक ही केली की अकराला मेसेज बघितले आणि अडीचला माझ्याकडं आले, मधे साडेतीन तास बँकेत जायचं का पोलिसात जायचं याच्यावर घरात चर्चा. फोनचं नेट आधी बंद करा, एअरप्लेन मोड. सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला म्हणजे पुढचे ओटीपी चोराला जाणार नाहीत. त्याच फोनवरून १९३० लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पैसे ज्या खात्यात गेलेत तिथंच गोठवायचा प्रयत्न होतो, आणि चोर ते पुढं पुढं फिरवत असतात म्हणून इथं मिनिटं मोजायची. बँकेला कळवा आणि तक्रार नंबर घ्या, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर, त्यामुळं कळवल्याची वेळ महत्त्वाची. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. मेसेज आणि ती फाइल पुसू नका आधी, स्क्रीनशॉट काढा, लोक लाजेनं सगळं डिलीट करून येतात आणि मग पुरावाच राहत नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. शेवटी फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन सगळा पुसून नव्यासारखा करायचा, कारण असली ॲप स्वतःचा आयकॉन लपवून बसतात, नुसतं एक ॲप शोधून काढलं म्हणजे झालं असं समजू नका.

काकांचे त्यातले २२ हजार एका खात्यात अडकलेले सापडले, ते परत मिळायला बरेच दिवस गेले, बाकी गेले ते गेले. फोन मी रीसेट करून दिला, पैसे घेतले नाहीत, त्याबदल्यात काकांनी दोन टॉवेल दिले. आता रोज पहाटे साडेपाचला माझ्या व्हॉट्सॲपवर सूर्योदयाचा नाहीतर गुलाबाच्या फुलाचा एक गुड मॉर्निंग फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "हे बघायचं हाय का चालवायचं, सांग की बे."